पाळणा वाढवायचा आहे

आधी नाव घेतो ते जाधव बाईंचं. सुमन जाधव बाई, मिरजोळ्याच्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला काम करायला पडवी दिली, त्यांच्या मिस्टरांची हत्यारं दिली, आणि एकदा माझ्यासाठी त्या खोटं बोलल्या. पहिल्या दोन गोष्टी आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत आहेत. तिसरी त्यांना आणि मलाच माहीत आहे.

संपादकांनी 'तुमच्या कामाबद्दल अंकासाठी लिहा' म्हणून फोन केला, त्यानंतर दोन दिवस मी त्यांचा फोन उचलला नाही. माझी शाळा नववीत सुटली. पटाशी कितीही बारीक असो, हात हलत नाही. पेन धरला की हलतो. पण बाईंबद्दल कधीतरी लिहायला हवंच होतं. चुका असतील त्या संपादकांनी सुधाराव्यात. त्यांच्या नजरेतून सुटतील त्या बाईंच्या नजरेतून सुटायच्या नाहीत.

मी हिंगोली जिल्ह्यातला. एकोणिसाव्या वर्षी मावसभावाच्या मागे मागे इथे समुद्राच्या बाजूला आलो. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत लाकडी खोकी करायचा एक कारखाना होता, तिथे खिळे मारायला लागलो. यंत्रांचे भाग ज्यात घालून पाठवतात ती खोकी. दिवसभर फळ्या आणि खिळे. राहायला जाधव बाईंच्या घरामागची खोली. इथली माणसं चांगली होती, पण बोलणं कळायचं नाही. म्हणजे शब्द कळायचे, हेल कळायचा नाही. कोणी साधं विचारलं तरी मला वाटायचं, आपल्याला रागावतायत. मी खोलीला कुलूप लावून तीनदा ओढून बघायचो आणि कारखान्यात पोचल्यावर चौथ्यांदा काळजी करायचो. तो स्वभाव अजून गेलेला नाही.

बाईंच्या पडवीत एक गोणपाटाचं पोतं होतं. एका रविवारी मी विचारलं, "बाई, यात काय आहे?"

"भाऊंची हत्यारं." भाऊ म्हणजे त्यांचे मिस्टर. मुंबईत फर्निचरच्या कारखान्यात सुतार होते, निवृत्तीनंतर इथे घरीच काम करायचे. मी यायच्या दोन वर्षं आधी ते गेले. "भंगारवाला दोनदा येऊन गेला."

"मग काहून नाही दिली?"

"काहून नाही, का."

"का नाही दिली?"

"तो वजनावर मागत होता," बाई म्हणाल्या.

मी पोतं उघडलं. रंधे, पटाश्या, करवती, गिरमिटं, लाकूड तासायचा एक वाकस. सगळ्यावर गंजाचा थर. इथल्या हवेत मीठ आहे. लोखंड उघडं ठेवलं की आठवड्यात लाल होतं, ही तर दोन वर्षं पोत्यात होती. मी म्हटलं, मी साफ करून बघतो. बाई म्हणाल्या, बघ.

पहिलीच चूक खास परक्या माणसाची. कोणीतरी सांगितलं होतं की कोकमाच्या पाण्यात लोखंड ठेवलं की गंज सुटतो. खरं आहे ते. आंबट कशानेही सुटतो. मी बाजारातून आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, बाटली आणली, घमेल्यात ओतली, आणि भाऊंच्या चार पटाश्या त्यात बुडवून कामावर गेलो. आमच्याकडे कोकम नाही, त्यामुळे आगळात मीठ घातलेलं असतं हे मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी पटाश्या चकचकीत निघाल्या. दुसऱ्या दिवशी पूर्वीपेक्षा जास्त लाल. बाईंनी घमेलं हुंगलं आणि म्हणाल्या, "सोलकढी करायची होती तर नारळ पण आणायचा."

इतकंच. रागावल्या नाहीत. मग नुसती कोकमाची साल, बिनमिठाची, पाण्यात उकळून वापरायला शिकलो. वर रॉकेल, मग तेलाचा हात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जुनं हत्यार घासलं की झालं. घासणं हा सगळ्यात सोपा भाग. रंध्याचा तळ सपाट आहे की नाही ते काचेवर ठेवून बघायचं. नसेल तर काचेवर पॉलिशपेपर चिकटवून तासन् तास ओढायचं, दोन्ही हातांचा भार सारखा ठेवून. पात्याची पाठ आरशासारखी हवी. लोक पुढची बाजू घासतात आणि पाठ विसरतात, मग धार टिकत नाही. मुठीला हात लावायचा नाही. जुन्या मुठीवर वापरणाऱ्याच्या अंगठ्याची खळगी पडलेली असते. ती घासून काढली की हत्यार कोणाचंच राहत नाही. भाऊंच्या मोठ्या रंध्यावर अशी खळगी आहे. माझा अंगठा तिच्यात अजून नीट बसत नाही, त्यांचा हात मोठा असणार.

सगळी हत्यारं व्हायला वर्ष गेलं. त्याच सुमारास कारखाना बंद पडला. मी गावाला परत जायची तयारी केली. बाई म्हणाल्या, "गावाला काय आहे?" मी म्हटलं, आई आहे. म्हणाल्या, "आईला भेटून ये. पडवी आहे, हत्यारं आहेत. लोकांच्या घरात मोडकं सामान काही कमी नाही."

तशी सुरुवात झाली. पहिली पाटी बाईंनी रंगवली: 'जुनी लाकडी हत्यारे व फर्निचर दुरुस्त करून मिळेल.' मी म्हटलं, हत्यारं लाकडी नाहीत, लाकूडकामाची आहेत. त्यांनी पाटीकडे बघितलं, 'लाकडी' शब्द खोडून 'फर्निचर'च्या आधी नेला. बाईंची चूक काढली ती मी एवढीच.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. नाटे गावचे एक होडी बांधणारे मिस्त्री वाकस घेऊन आले होते, दांडा हलत होता. दांडा बदलू का म्हटलं तर म्हणाले, "दांडा बदललास तर माझे हात बदलून देशील काय?" जुनाच दांडा पाचर ठोकून बसवून दिला. दुसरे एक नवे गृहस्थ, समुद्राकाठी पर्यटकांसाठी घर बांधलेले. नवंकोरं कपाट घेऊन आले आणि म्हणाले, हे शंभर वर्षांचं दिसलं पाहिजे. मी रंग काळपट करून दिला. तर म्हणतात, "थोडी किड्याची भोकं पण पाडा ना." मी म्हटलं, साहेब, त्याला मी कशाला, दोन पावसाळे तळमजल्यावर ठेवा, वाळवी स्वतः येऊन पाडून देईल. ते हसले नाहीत. कपाट मात्र घेऊन गेले.

आता शब्दाची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

मांडवीकडचे एक आजोबा होते. त्यांच्या घरी नवा संगमरवरी देव्हारा आला होता. त्यांनी मला बोलावून जुना सागवानी देव्हारा दाखवला आणि म्हणाले, "मिस्त्री, हा वाढवायचा."

मी टेप काढली. म्हटलं, "किती फूट?"

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. आत त्यांची सून होती, ती फस्सकन हसली. आजोबा म्हणाले, "अरे बाबा, वाढवा म्हणजे मोडा. देव्हारा मोडा असं घरात म्हणतात काय? नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, दिवा वाढवतात. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"फोडतात," मी म्हटलं. "दिवा विझवतात."

"मग तुमच्याकडे कठीणच."

आमच्याकडेही जुन्या बायकांच्या तोंडी असतील असे शब्द. पण माझ्या घरात नव्हते, आणि शाळेत ते शिकवण्याच्या आधी मी शाळेतून बाहेर. देव्हारा मी नीट सोडवून, लाकूड मोजून त्यांना दिलं. पण आजोबांनी ती गोष्ट बाजारात सांगितली. मग काय. वर्षभर मला लोक 'किती फूट' म्हणायचे. चहाच्या टपरीवर गेलो की, "ये रे किती फूट. चहा किती फूट देऊ?" मी पण हसायचो. हसायचो, पण ज्याला शाळेत बाकावर उभं राहून हसू ऐकायची सवय आहे, त्याला ते हसू वेगळं लागतं. मी ठरवून टाकलं, आता कुठलाही शब्द विचारायचा नाही. आणि तो एक शब्द तर मी असा शिकलो की जिथे तिथे वापरायला लागलो. संध्याकाळी बाईंना म्हटलं, "बाई, दिवा वाढवू?"

बाई पुस्तक वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विझव. आमच्या घरात दिवा विझतो."

"पण बाई, ते अशुभ असतं म्हणे."

"वर्गात मी हे शब्द शिकवलेत, मला माहीत आहेत. शब्द फिरवून अंधार फिरत नाही. तुला जे येतं ते बोल, गंगाधर. येत नाही ते विचार." मग पुन्हा एकदा, आठवड्याने, मी तसंच बोललो तेव्हा पण त्यांनी हेच सांगितलं. दोनदा. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्या याच्या उलट बोलल्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका बागायतदारांच्या घरून फोन आला. त्यांचं आडनाव लिहीत नाही. घर मोठं आहे, कलमांची बाग आहे, लोक त्यांना ओळखतात. फोनवर घरातल्या वहिनी होत्या.

"मिस्त्री, आमचा एक जुना पाळणा आहे, फणसाचा. तो वाढवायचा आहे."

"बरं, वहिनी."

"माळ्यावरून काढून टेम्पोतून पाठवते. घाई नाही, पण पावसाळा संपायच्या आत करा."

"बरं."

"आणि कुठे बोलू नका हं."

मी म्हटलं, नाही बोलणार. फोन ठेवला आणि मला वाईट वाटलं. त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांच्या घरच्या खुर्च्या विणायला गेलो तेव्हा कानावर आलं होतं. मला वाटलं, आशा सोडली. आता पाळणा डोळ्यासमोर नको म्हणून मोडायला देतायत, आणि मोडा म्हणवत नाही म्हणून वाढवा म्हणाल्या. कुठे बोलू नका म्हणाल्या, तेही जुळलं. एकदा वाटलं विचारावं. पण विचारायचं काय? किती फूट? तोच प्रश्न पुन्हा, तोही अशा घरात. मी विचारलं नाही.

पाळणा आला. इतका सुंदर पाळणा मी पाहिला नव्हता. फणसाचं लाकूड नवं असताना हळदीसारखं पिवळं असतं, मग वर्षानुवर्षं गडद होत जातं. हा काळ्या गुळाच्या रंगाचा झाला होता. कुठेही खिळा नाही. आडव्या दांडीच्या टोकाला जीभ असते, तिला कुसू म्हणतात. ते खांबाच्या भोकात बसवून आरपार लाकडाची खुंटी मारायची, की झाला सांधा. असा पाळणा सोडवायचा तर एकेक खुंटी मागून ठोकून काढावी लागते. एका बाजूच्या मी काढल्या, दोन दिवस लागले. दुसऱ्या बाजूच्या फुगून बसल्या होत्या, हलेनात. आणि मी मनात म्हटलं, मोडायचंच आहे तर कशाला एवढा वेळ घालवा. करवत घेतली आणि खांबाला लागून त्या बाजूच्या दोन्ही आडव्या दांड्या कापल्या. कुसवं खांबातच राहिली.

चूक शब्दाची होती हे मी नेहमी सांगतो, पण करवत शब्दाने चालवली नाही, मी चालवली. मोडायच्या वस्तूला पण असं कापायचं नसतं. भाऊंच्या करवतीने कापलं, हे तर अजून.

तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन. आवाज वेगळाच, हलका. "मिस्त्री, आता सांगायला हरकत नाही. सातवा लागला आमच्या मुलीला. जुळी आहेत. आधी बोलायचं नसतं ना, म्हणून गप्प होते. दोघं मावतील एवढा वाढवा, काय?"

मी 'हो' म्हटलं. खरंच म्हटलं. फोन बंद केला आणि पाळण्याच्या तुकड्यांशेजारी खाली बसलो.

पहिला विचार आला तो असा, की कोणाला न सांगता नवीन करून टाकू. दुसरा विचार, हिंगोलीची गाडी किती वाजता आहे. दोन्ही सांगतो, कारण दोन्ही खरे आहेत. बाई पडवीत आल्या तेव्हा मी तसाच बसलेलो होतो. मी सगळं सांगितलं.

"कापलास?"

"एक बाजू."

"विचारलं का नाहीस?"

"लाज वाटली."

"कशाची?"

"किती फूट म्हणायची."

बाई हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तोच प्रश्न बरोबर होता रे." मग म्हणाल्या, "ऊठ. तोंड धू. जाऊन सांगायचं."

"आधी करून घेतो, बाई. करून मग सांगतो."

"लपवून चांगलं केलंस तरी लपवलेलंच. त्यांची वस्तू आहे, त्यांना कळलं पाहिजे. मी येते."

आम्ही रिक्षाने गेलो. वहिनी व्हरांड्यात होत्या, त्यांच्या सासूबाई आरामखुर्चीत. त्यांना सगळे आजी म्हणतात, मीही. मी उभा राहिलो आणि कसंबसं म्हटलं, पाळणा सोडवलाय, आणि एक बाजू कापली गेली. 'कापली गेली' म्हणालो. 'कापली' म्हणायचा धीर झाला नाही.

वहिनी खांबाला धरून उभ्या राहिल्या. आजी मोठ्याने बोलल्या नाहीत. "मेल्या," त्या म्हणाल्या, "नातीला सातवा लागलाय, आणि तू पाळणा मोडलास?"

"आजी, मला वाटलं, वाढवा म्हणजे..."

"काय वाटलं? घरात मूल येणार म्हटल्यावर पाळणा मोडावा असं वाटलंच कसं? तुझ्या मनात होतं तरी काय? कोणी सांगितलं तुला मोडायला?"

माझ्या मनात जे होतं ते फार साधं होतं, आणि ते सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मी सांगितलं."

आजींनी त्यांच्याकडे बघितलं.

"त्याला इथले शब्द येत नाहीत," बाई म्हणाल्या. "मला विचारलं त्याने. मी म्हटलं, वाढवा म्हणजे मोडा. त्यापुढे मी विचार केला नाही. चूक माझी आहे."

"तुम्ही मराठी शिकवायचात ना शाळेत?"

"हो."

"मग? हे शब्द आमच्या घरातले आहेत, बाई. पुस्तकात वाचून येत नाहीत. तुमच्याकडे कोण कशाला म्हणणार वाढवा नि काय."

'तुमच्याकडे' म्हणजे तुमच्या जातीत, हे मला पण कळलं, परक्या जिल्ह्यातल्या माणसाला. वहिनींनी मान खाली घातली. बाईंच्या हातात त्यांची काळी पर्स होती. तिची कडी त्यांनी एकदा उघडली आणि लावली. या बाई उत्तर द्यायला कोणाला घाबरणाऱ्या नव्हेत. बँकेत, पंचायतीत, त्यांचं उत्तर ऐकलेली माणसं आहेत. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. पाळणा तो करून देईल, दोघांचा. लाकूड मोडलेलं नाही, सांधे उघडलेत. एका बाजूच्या दांड्या तेवढ्या नव्या लागतील. लांब करायचा तर त्या तशाही बदलाव्या लागल्या असत्या."

"आई, मीच फोनवर नीट बोलले नाही," वहिनी म्हणाल्या.

"तू थांब." आजींनी डोळे मिटून घेतले. "बारशाला टांगलेला दिसला पाहिजे. नाही दिसला तर तुला या गावात कोणी काठी पण तासायला देणार नाही, एवढं बघेन मी."

परत येताना रिक्षात मी विचारलं, "बाई, तुम्ही खोटं काहून बोललात?"

"का."

"का बोललात?"

"तू खरं बोलणार होतास म्हणून. आशा सोडली असं वाटलं, हे तू त्या माउलीसमोर सांगितलं असतंस. सातवा महिना लागलाय त्यांच्या लेकीला. आज त्या घरात ते वाक्य बोलायचं होतं?"

मी रिक्षाचे सुटे पैसे मोजायला घेतले.

"आणि मी निवृत्त आहे," त्या म्हणाल्या. "माझं काय जातंय."

काम सुरू केलं. सगळ्यात आधी वहिनींना फोन लावून विचारलं, "वहिनी, किती फूट?" त्या म्हणाल्या, दोघं दोन टोकांना डोकी करून झोपतील एवढा. साडेतीन ठरला. रुंदी तीच, म्हणजे दोन्ही टोकांच्या जुन्या चौकटी तशाच राहणार. लांबीच्या चारही दांड्या बदलायच्या, मधले उभे दांडे संख्येने वाढवायचे.

नवा फणस जुन्यापुढे पिवळा दिसला असता. नाट्याचे ते होडीवाले मिस्त्री आठवले. त्यांना फोन केला तर म्हणाले, एका पाडलेल्या घराच्या फणसाच्या तुळया आमच्याकडे पडल्या आहेत, येऊन बघ. एक मिळाली, आतून अगदी त्याच रंगाची. जुन्या दांड्यांच्या वरच्या कडेला गोलाई होती, बाळाचा हात लागला तरी टोचू नये म्हणून. तशीच गोलाई काढायला भाऊंच्या हत्यारांत एक अरुंद रंधा होता. त्याचं पातं मी जुन्या दांडीला लावून, पुन्हा घासून, तंतोतंत त्या वळणाचं केलं. उभे दांडे लेथवर. जुन्या दांड्यांचे चांगले तुकडे मी टाकले नाहीत. तिरका सांधा करून वरच्या एका दांडीत मधोमध जोडले, म्हणजे पणजोबांपासून सगळ्यांचे हात लागलेलं लाकूड बाळांच्या हाताशी राहील. आणि खुंट्या सगळ्या लाकडाच्याच, एकही खिळा नाही.

टांगून वजन बघायचं होतं. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. मी दोन टोकांना तांदळाच्या दोन पिशव्या ठेवल्या. बाई खुर्ची घेऊन शेजारी बसल्या आणि एका हातात वर्तमानपत्र धरून दुसऱ्या हाताने तासभर तांदळाला झोके देत राहिल्या. सांधे कुरकुरले नाहीत. "झोपले," बाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मुली झाल्या, दोन्ही. बारशाच्या चार दिवस आधी मी पाळणा नेऊन टांगला. आजी काठी टेकत आल्या. वरच्या दांडीवरून बोट फिरवत फिरवत नेलं आणि जुनं-नवं जिथे मिळतं तिथे बरोबर थांबल्या.

"इथे."

"हो, आजी. इथे."

"कळतंय."

"कळू दिलंय. दुरुस्ती लपवायची नसते."

आजींनी मान हलवली. "हात चांगला आहे तुझा," त्या म्हणाल्या. "त्या मास्तरणीचं ऐकत जाऊ नकोस."

तिथे मी बोलायला हवं होतं. खोलीत दोघंच होतो, बाळं आत होती, सगळं सुखरूप झालं होतं. दुरुस्ती लपवायची नसते हे वाक्य अजून माझ्या तोंडात होतं. मी म्हटलं, "हो, आजी," आणि हत्यारं पिशवीत भरली.

बारशाचं आमंत्रण मला आलं. बाईंना नाही.

मग गोष्ट फिरली. पूर्वी 'किती फूट' माझ्या नावाने फिरली होती, ही बाईंच्या नावाने. मराठीच्या बाईंनी वाढवाचा अर्थ चुकीचा सांगितला आणि पाळणा मोडला. बाजारात त्यांचाच एक जुना विद्यार्थी म्हणाला, "बाई, गोठ्याचं छप्पर वाढवायचंय आमचं, तुम्हाला विचारत नाही हं." बाई त्याच्याबरोबर हसल्या. मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी लोकांच्या चुकांवर लाल रेघ मारली. एक माझ्या नावावर पडली तर काय." पण दरवर्षी एका वाचनालयाच्या निबंध स्पर्धेचे निबंध तपासायला बाईंकडे यायचे. त्या वर्षी आले नाहीत. कोणी कारण सांगितलं नाही, वाद झाला नाही, निबंध दुसऱ्या कोणाकडे गेले. एरवी निबंध यायचे ते आठ दिवस बाई दुपारी टेबल पुसून चष्मा काढून ठेवायच्या, ते मी पडवीतून बघितलं. पुढच्या वर्षीही आले नाहीत. मग त्यांनी टेबल पुसणं सोडलं.

पाळण्यामुळे मला कामं मिळाली. आजींनीच चार घरी नाव सांगितलं. आता माझ्या खिशात एक वही असते. गिऱ्हाईक जे बोललं ते त्याच्याच शब्दात लिहितो आणि खाली विचारतो, म्हणजे नक्की काय करू? लोक हसतात कधी कधी. हसू दे.

त्या दोघी मुली आता शाळेत जातात. बाई ऐंशीला आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, वाचन पुन्हा सुरू आहे. हा लेख मी त्यांना छापायच्या आधी दाखवलेला नाही. दाखवला असता तर त्यांनी अर्ध्याहून अधिक लाल रेघेखाली काढला असता. आजी आहेत, ठणठणीत आहेत. अंक त्यांच्या घरी जात असेल, पण आता बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. तेव्हा इथे लिहिलं म्हणजे झालं, असं मी धरत नाही. दोनदा मी त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन आलोय. एकदा पाहुणे होते. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं, आणि मीच परतलो.

बाई, तुम्ही हे वाचाल तेव्हा रागवाल. पण मी एक दिवस जाणार आहे, आणि आजींना तोंडाने सांगणार आहे: तो अर्थ बाईंनी सांगितला नव्हता. मी बाईंना विचारलंच नव्हतं. मला वाटलं मला येतो, आणि आजी, तुमच्या घरी विचारायची मला लाज वाटली. इतकंच आहे. पाठ केलंय.